शेवटचा हात

ज्याला आपण वाढवले त्याच्यावर आपला हक्क किती, हा प्रश्न बहुतेक घरांत उच्चारावा लागत नाही. उपकार आणि परिश्रम दीर्घकाळ एकाच छपराखाली नांदले, की ते एकमेकांत इतके मिसळून जातात, की कोणते काम मायेपोटी केले आणि कोणते मायेच्या नावाखाली करून घेतले, हे खुद्द करणाऱ्यालाही सांगता येत नाही. ते सांगण्याची वेळ न येणे हेच अशा घरांचे भाग्य. अप्पांच्या घरावर ती वेळ त्या रविवारी दुपारी आली. आणि विचारणारी व्यक्ती परकी, समुद्रापलीकडची होती.

जेवणे उरकली होती, पण टेबलावरून कोणी उठले नव्हते. अप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर आणि त्यावर डावा. अलीकडे ते असेच बसत. समोर त्यांचा मुलगा. लहानथोर सगळेच त्याला दादा म्हणत. रुग्णालयांशी बोलणी, सामानाची खरेदी, हा धंद्याचा बाहेरचा सारा व्याप त्याच्याकडे. भिंतीलगत अप्पांच्या दिवंगत धाकट्या भावाची पत्नी, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत. आणि खिडकीशी उभी तिची मुलगी चिंगी. तिशी ओलांडली तरी घराने तिला या नावातून मोकळे केले नव्हते.

"चार वाजता त्यांचा फोन येणार आहे," चिंगी म्हणाली. "पुन्हा एकदा अप्पांशी बोलायचं म्हणतात. त्यानंतर काय ते ठरवतील."

"मला जे सांगायचं होतं ते मंगळवारी सांगून झालंय," अप्पा म्हणाले.

"त्यानेच तर घोळ झालाय," अप्पांच्या पत्नी, काकू, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. हातातले ताट त्या पुसत होत्या, आणि ते केव्हाच कोरडे झाले होते.

मंगळवारी घडले ते असे. या घरात तीन पिढ्या कृत्रिम पाय घडवीत आल्या होत्या. घरामागच्या कार्यशाळेत प्लास्टरचे साचे ओळीने टांगलेले असत, आणि राळेचा उग्र वास पडद्यांतही मुरलेला होता. घराण्याचा एक दंडक होता. पायाची खोबण, म्हणजे माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, कोणीही घडवो. तिच्यावर अखेरची कानस कर्त्या पुरुषाने फिरवायची, तीही आतल्या खोलीचे दार लावून. याला घरात 'शेवटचा हात' म्हणत. तो फिरल्यावाचून पाय उंबऱ्याबाहेर जात नसे. अप्पांचा हात थरथरू लागला त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. दार तेव्हापासून पूर्वीसारखेच लागत होते. फरक एवढाच, की आत अप्पांबरोबर चिंगीही असे. याविषयी घरात कधी कोणी एक शब्द काढला नव्हता.

चिंगीने परदेशी पुष्कळ अर्ज केले होते. अर्जात एक प्रश्न हमखास असे: आमच्या देशात काम करण्यासाठी तुम्हाला मालकाकडून व्हिसाची हमी लागेल काय? ती खरे ते लिही, आणि मग तिकडून जे उत्तर येई ते इतके सभ्य आणि इतके एकसारखे असे, की दादाने ते पाठ करून एकदा जेवताना हातवाऱ्यांसह म्हणून दाखवले होते. सगळे हसले होते, चिंगीसुद्धा. अखेर एका केंद्राने तिला निवडले. बाहेरचे कारागीर बोलावण्याची परवानगी त्यांच्याकडे होती, आणि तिथे लहान मुलांचे पाय घडवायला माणसे मिळत नव्हती. अट एकच. सरकारपुढे हमी आम्ही देणार, तेव्हा हिने हे काम स्वतःच्या जबाबदारीवर केले आहे, असे हिच्या आजवरच्या मालकाने आम्हाला सांगावे.

त्यांनी आपली भाषा जाणणारा दुभाषी मध्ये घेऊन अप्पांना विचारले, ती तुमच्याकडे नोकरीला होती का? अप्पांना तो शब्दच झोंबला. ते म्हणाले, "आमच्या घरची मुलगी नोकरी करत नाही. ती मला मदत करते. शेवटचा हात माझा असतो." आणि हे सारे त्यांनी रात्रीच्या जेवणाला मोठ्या समाधानाने सांगितले, मुलीचा मान राखून आल्यासारखे. चिंगीच्या हातातला घास ताटात परत गेला तेव्हा ते म्हणाले, "का गं, मीठ कमी आहे का?"

"हे बघा, मार्ग निघतो," दादा आता म्हणाला. "मी पगाराच्या पावत्या करून देतो. मागच्या तारखा टाकायच्या, शिक्का आपलाच आहे. अप्पांनी फक्त म्हणायचं, मला फोनवर नीट कळलं नव्हतं."

"पगार झालाय का तिला कधी?" काकूंनी विचारले.

"झाला नसला म्हणून काय? काम तर झालंय."

"मी खोट्या कागदावर जाणार नाही, दादा," चिंगी म्हणाली. "ते लोक हमी देतायत माझी. उद्या ते उघडकीला आलं तर मी परत येईन, त्यांचं मात्र नाव जाईल."

"नावाची काळजी तुला त्यांच्या," दादा म्हणाला. "आपलं इथलं नाव गेलं तर चालेल."

दादाला ते वाक्य मागे घ्यावेसे वाटले असेलही; त्याने पेल्यातले पाणी प्यायले. मंगळवारपासून तो चुलतबहिणीच्या बाजूने बोलत होता, आणि मंगळवारपासून रात्री त्याला झोप नव्हती. रुग्णालयांना पुढच्या महिन्यांचे शब्द त्याने देऊन ठेवले होते. त्याच्या हातात कानस लहानपणापासून बसली नव्हती; वडिलांनी त्याबद्दल त्याला कधी बोल लावला नाही, आणि न लावल्याचे त्याला अधिक लागले होते.

"गेली तर मी थांबवणार नाही," अप्पा सावकाश म्हणाले. "पण खोटं मी बोलणार नाही. आणि मंगळवारी मी खोटं बोललो नाही."

"बोललात," काकू म्हणाल्या.

अप्पांनी मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द या सुरात त्यांनी ऐकला नव्हता.

"दार लागलेलं असलं तरी चहा मीच आत आणते," काकू म्हणाल्या. "तुम्ही स्टुलावर बसलेले असता, आणि कानस तिच्या हातात असते. मी कप ठेवते आणि बाहेर येते. दोन वर्षं मी कप ठेवून बाहेर येतेय."

"राहू द्या ना ताई," चिंगीची आई घाईने म्हणाली. "चिंगे, तूच जरा समजून घे. नाहीतर नाही जायचं. कुठे काय अडलंय आपलं?"

ती हे बोलली खरी; परंतु स्वतःचेच शब्द तिला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. नवरा गेला त्या वर्षी ती या थोरल्या दीर-जावेच्या घरात मुलीला घेऊन राहिली, आणि आपल्याला येथे जागा व्यापावी लागते याची क्षमा ती रोजच्या वागण्यातून मागत आली. सगळ्यांच्या आधी उठायचे, सगळ्यांच्या शेवटी बसायचे. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. अप्पांनी तर चिंगीला स्वतःच्या मांडीवर बसवून साचा ओतायला शिकवले होते. आणि नेमके म्हणूनच तिला आयुष्यात कधी त्यांच्याकडे काही मागता आले नव्हते.

"बघ, तुझी आई म्हणते ते," अप्पा पुतणीला म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "आणि मदत करते म्हणालो त्यात तुझा अपमान कुठे झाला? घरातल्या सगळ्याच मुली मदत करतात."

"मदत नाही, भाऊजी."

कोणालाच क्षणभर कळले नाही की हे कोण बोलले. चिंगीच्या आईने पदराचे टोक बोटावरून सोडवले.

"मी मदत करते. पोळ्या लाटायला, निवडायला, आल्यागेल्याचं बघायला. मदत कशी असते ते मला माहीत आहे. ती जे करते त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. मला शब्द येत नाही, पण तुम्हाला येतो."

आणि मग, आपणच केलेल्या धाडसाला बिचकून, ती ताटे गोळा करू लागली. काकूंनी तिच्या हातातून ती काढून घेतली. "बस तू," त्या म्हणाल्या. "आज मी उचलते."

अप्पा उठले. मागच्या दाराने कार्यशाळेकडे गेले. आतल्या खोलीचे दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

खोलीत त्यांच्याआधीच कोणीतरी होते. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना दुकान बंद असे तेवढी दुपारच मोकळी असे, म्हणून त्यांना आज बोलावलेले होते, आणि बाहेर कोणी नसल्याने त्या रस्त्याकडच्या उघड्या दाराने थेट आत येऊन बाकावर बसल्या होत्या. गुडघ्याखालून त्यांचा डावा पाय नव्हता. नवीन पाय भिंतीला टेकवलेला. फक्त शेवटचा हात राहिला होता.

"बरं झालं आलात," शिंपीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, जेवणात गुंतलात. घरात मोठं बोलणं चाललंय वाटतं."

"मोठं काही नाही," अप्पा म्हणाले. "घालून बघा, कुठे टोचतंय सांगा."

शिंपीणबाईंनी पाय चढवला, त्या उभ्या राहिल्या, दोन पावले टाकली. आतल्या बाजूला, नडगीच्या हाडाजवळ, जरा दाब येत होता. अप्पांनी खोबण हातात घेतली, दाबाच्या जागी खडूची खूण केली आणि खुंटीवरची बारीक कानस काढली. आपल्याच मनाशी ते म्हणाले, एकदा. एवढ्यापुरता हात स्थिर राहिला तर चिंगी खुशाल जाऊ दे, घर उभे राहील; मग जे विचारतील त्याचे उत्तरही सुचेल.

कानस टेकली. पहिला फेर बरा गेला. दुसऱ्याला मनगटातून ती ओळखीची लाट आली, आणि कानस खुणेच्या बाहेर, न दुखणाऱ्या जागेवर घसरली. त्यांनी ती पुन्हा नेमून टेकली. शिंपीणबाई बघत होत्या. आयुष्य सुईच्या टोकावर काढलेल्या बाईला हाताचे काय चालले आहे हे समजायला वेळ लागत नाही. त्यांनी पाय पुन्हा चढवला, उभ्या राहिल्या आणि लगेच बसल्या.

"अप्पा, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "मुलीला हाक मारता का?"

"ती कामात आहे."

"मग मी थांबते. मागच्या वेळचा पाय तिने केला होता ना, तसाच द्या म्हणजे झालं. त्यात मी दिवसभर मशीन मारते."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिले. "मागचा पाय मी दिला होता तुम्हाला."

"दिला तुम्हीच. हार घालून दिल्यासारखा दिलात," शिंपीणबाई हसल्या. "पण घडवला तिने. अहो, रांगेत बसलेल्या आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाहेर बसून आम्ही दुसरं बोलणार काय? पायाला कळतं, अप्पा. तुमचा हात आधी जरा घट्ट ठेवायचा. तिचा श्वास घ्यायला जागा ठेवतो."

"मग इतके दिवस कोणी बोलला का नाहीत?"

"तुम्ही दार लावून घेत होतात," त्या साधेपणाने म्हणाल्या. "लावलेलं दार ढकलायचं कशाला?"

अप्पा स्टुलावर बसले. ज्या नावाचे रक्षण करण्यासाठी त्यांनी ते दार दोन वर्षे लावले, त्या नावाला त्या दाराची गरज पडलीच नव्हती. लोक येत होते, सारे जाणून येत होते, आणि अप्पांची लाज राखून परत जात होते. अपमान वाटावा असे यात काही नव्हते; तरीही त्यांचे डोळे भरून आले. मंगळवारी आपण जे उत्तर दिले त्यात मुलीचा मान किती होता आणि तिच्यावाचून उघडे पडण्याचे भय किती, हे त्यांनी स्वतःला प्रथमच विचारले. उत्तर लगेच आले.

ते उठले आणि दार उघडून म्हणाले, "चिंगे, तुझा तो फोन इकडेच घेऊन ये. सगळेच या."

चार वाजता कामाच्या टेबलावर, पक्कडी आणि कानशी बाजूला सारून, लॅपटॉप ठेवला गेला. पडद्यावर दोन चौकटी होत्या: एकीत पिकल्या केसांच्या एक बाई, त्या केंद्राच्या प्रमुख, दुसरीत दुभाषी, गळ्याचे बटण लावलेला, अवघडलेला. दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काकू आणि चिंगीची आई दारात, एकमेकींना खेटून. शिंपीणबाई बाकावरच होत्या. त्यांना कोणी जा म्हटले नाही.

नमस्कारचमत्कार झाले. दुभाषी म्हणाला, "बाई म्हणतायत, मागच्या बोलण्यात आमचा काही गैरसमज झाला असेल तर—"

"गैरसमज नव्हता," अप्पा म्हणाले. "मीच चुकीचं उत्तर दिलं. तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारा."

दुभाष्याने सांगितले. बाईंनी भुवया जरा उंचावल्या, आणि प्रश्न आला: ती तुमच्याकडे नोकरीला होती का?

अप्पांनी तो शब्द तोंडात घोळवला. "हो. होती. तिचं शिक्षण संपल्यापासून आजपर्यंत. पगार मी दिला नाही; आमच्यात घरच्या माणसाला देत नाहीत. ती माझी चूक आहे, तिची नाही. त्याचे कागद आमच्याकडे नाहीत, आणि आम्ही ते आता तयारही करणार नाही."

भिंतीपाशी दादाने नजर खाली वळवली.

"आणि अंतिम बसवणी, तुमचा तो शेवटचा हात? मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, ती तुम्हीच करता."

अप्पांनी उजवा हात मांडीवरून उचलला. त्यावर डावा ठेवला नाही. तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला, आणि तो जसा थरथरतो तसा थरथरू दिला. दुभाषी भाषांतर करायला तोंड उघडून थांबला. करण्यासारखे काही नव्हते.

"दोन वर्षं झाली," अप्पा म्हणाले. "त्यानंतर या घरातून गेलेल्या प्रत्येक पायावर शेवटचा हात हिचा आहे. आमच्या लोकांना ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक नव्हतं, की त्यांना ठाऊक आहे."

बाकावरून शिंपीणबाईंनी खोकून दुजोरा दिला. पडद्यावरच्या बाई हळू काही बोलल्या.

"बाई म्हणतायत, कागद नसतील तर त्यांना स्वतः पाहावं लागेल. ती आत्ता, समोर, एक बसवणी करून दाखवेल का?"

चिंगीने अप्पांकडे पाहिले. आजवर हे काम तिने घराबाहेरच्या कोणाच्या देखत केले नव्हते. अप्पांनी स्टूल तिच्याकडे सरकवले आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

"पंचाईत आहे," शिंपीणबाई पाय पुढे करीत म्हणाल्या, "आम्ही आता टीव्हीवर."

चिंगी हसली, आणि त्या हसण्याने तिचे खांदे सैल झाले. तिने खोबण उलटी करून आत बोट फिरवले. अप्पांची कानस जिथे घसरली होती तिथे ते बोट अडले. तिने वर पाहिले नाही, काही विचारले नाही. ती जागा प्रथम सारखी केली आणि मग खडूच्या खुणेकडे वळली. तिने थोडे घासले, चढवले, चालायला लावले, पुन्हा काढले. शिंपीणबाईंना तिने मशीनवर बसल्यासारखे बसवले आणि तिथे नसलेल्या पेडलवर पाय दाबायला सांगितले. पलीकडच्या बाई पुढे वाकून पाहत होत्या. मध्येच त्यांनी एक प्रश्न विचारला. चिंगीने दुभाष्याची वाट न पाहता त्यांच्याच भाषेत, तुटक पण नेमके, उत्तर दिले. शेवटी शिंपीणबाई उभ्या राहिल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि बसायला विसरल्या.

बाई बराच वेळ बोलल्या. दुभाषी ऐकत गेला आणि मग त्याने गळ्याचे बटण सोडले.

"त्या म्हणतायत, हमीचा अर्ज त्या उद्या सरकारकडे पाठवतील. पगार नव्हता हेही आहे तसंच लिहितील. त्यामुळे तिकडून शंका येऊ शकते. खात्री देता येत नाही. पण त्यांच्या बाजूने होकार आहे." तो थांबला. "आणि काका, त्या तुम्हाला विचारतायत, ही गेल्यावर तुमचं इथलं कसं चालेल?"

दादाने मान वर केली. हा प्रश्न त्याचाच होता.

"ते माझ्या मुलानं आणि मी मिळून बघायचं आहे," अप्पा म्हणाले. "त्यांना सांगा, आम्ही पाय घडवतो. कोणी चालू लागलं तर आम्ही असं विचारत नाही, की आता आमच्याकडे कोण बसणार."

पडदा काळा झाला. काकू आणि चिंगीची आई अजून खेटूनच उभ्या होत्या. दादा पुढे आला, कानशी जागेवर लावू लागला. एक हातात धरून त्याने ती उलटसुलट पाहिली.

"रुग्णालयांना मी काय सांगू, अप्पा?"

"उद्या आपण दोघं जाऊ. खरं ते सांगू. कमी पाय करू, शिकवून माणूस तयार करू. नाहीच जमलं तर—" ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. दादानेही आग्रह धरला नाही. परंतु त्याचा चेहरा निवळला नव्हता, आणि पुढे बरेच दिवस तो निवळणार नव्हता.

चिंगी खाली वाकली. अप्पांनी तिच्या डोक्यावर उजवाच हात ठेवला. तो तिच्या केसांत थरथरत राहिला आणि त्यांनी तो आवरला नाही.

"जिथे जाशील तिथे तुझ्या कामाला तुझं नाव लागो," ते म्हणाले. "तुझ्या हातचे पाय घालून पोरं धावोत. आणि इथे मागे राहिलेल्यांना तुझी आठवण येवो, पण तुझ्यावाचून त्यांचं अडू नये."

"तथास्तु म्हणा कोणीतरी," शिंपीणबाई म्हणाल्या. "मला दुकान उघडायचंय."

चिंगीच्या आईने ते म्हटले, अगदी हळू. मग सगळे घराकडे निघाले. जाताना आतल्या खोलीचे दार ओढून घ्यायला काकूंचा हात सवयीने पुढे झाला, आणि त्यांनी ते तसेच उघडे राहू दिले. त्या दाराचे, त्याच्या आतल्यांचे आणि त्यातून बाहेर जाणाऱ्यांचे कल्याण असो.